ताटलीतले अप्पा

रविवारी लोक मटण आणायला बाहेर पडतात, मी प्रयोगशाळेतल्या पेशींना खायला घालायला. त्यांना रविवार कळत नाही. रोज जुनं पोषणद्रव काढायचं, ताजं घालायचं. एक दिवस चुकला की मरायला टेकतात. तिथून घरी आलं की अप्पांना भरवायचं. तेही तोंड मिटून बसतात. सोलापूरच्या उन्हात ह्या दोन टोकांमध्ये स्कूटर हाकताना कधी कधी वाटतं, लिंबाखाली गाडी लावावी आणि तिथंच आडवं व्हावं. बघू मग कोण उठवतंय ते.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, अल्झायमर आहे. आधी त्यांचं मराठी गेलं, मग आम्ही गेलो. आता फक्त कानडी उरलीय, तीही कापडदुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचे ती. मी घास पुढे केला की आदरानं विचारतात, ‘ऊटा आतेन्री?’ जेवण झालं का तुमचं? पोटच्या पोरीला अहोजाहो! पहिल्यांदा मोरीत जाऊन रडले होते. आता नुसतं ‘झालं’ म्हणते आणि घास तोंडाशी धरून उभी राहते.

मी ज्या संशोधन केंद्रात काम करते तिथं आम्ही मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांची भिंत बघतो. रक्तातलं मेंदूत काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं, ते ती भिंत ठरवते. ह्या आजारात ती गळायला लागते असं दिसतं. पण जित्या माणसाच्या डोक्यात डोकावणार कोण? म्हणून रुग्णाचं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशी मागे मागे नेऊन गर्भातल्यासारख्या कोऱ्या करायच्या. ह्याच मूलपेशी. मग त्यांना पढवून पढवून ताटलीतल्या एका जाळीदार पडद्यावर तीच भिंत बांधायला लावायची आणि तिच्यातून वीज किती पार होते ते मोजायचं. जास्त झाली तर भिंत गळकी. वर्षं जातात ह्यात. कुणी विचारलं, औषध कधी निघणार, तर मी विषय बदलते.

अप्पा शुद्धीत होते तेव्हा त्यांनी स्वतः सही करून रक्त दिलं होतं. घरच्याच माणसाचा नमुना म्हणून वरून सगळ्या परवानग्या आणल्या. ताटलीवर नाव नसतं, नुसता क्रमांक. पण तो कुणाचा हे मला ठाऊक होतं, आणि अव्वाला, माझ्या आईलाही. मी तिला सोपं करून सांगितलं होतं की पेशी अगदी नव्या होतात, आजाराच्या आधीच्या. तेव्हापासून मी घरी आले की तिचा पहिला प्रश्न, ‘बरे हायत का ते?’

‘कोण?’

‘ते. तिकडचे.’

मी हसायचे. म्हटलं, बाईला तेवढाच विरंगुळा.

ह्या उन्हाळ्यात वीज गेली, जनरेटर रुसला, आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणून पेशींच्या पेटीत बुरशी शिरली. गोठवून ठेवलेला साठा तपासला तर तोही बिघडलेला. केंद्रातल्या आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, सगळं टाका, नवं रक्त आणा. सांगायला काय जातंय! अप्पा आता सही करू शकत नाहीत, म्हणजे अव्वाची हवी. ती नाही म्हणाली असती तर अप्पांची भिंत कुठं आणि का फुटली, हे मला कधीच कळलं नसतं. आणि ते कळावं, एवढ्यासाठीच तर मी ह्या कामात अजून टिकून होते.

दुपारी ती भाकऱ्या थापत होती. अप्पा खुर्चीत बसून धोतराचा काठ चाचपत होते, मालाचा पोत बघावा तसा. मी अव्वाला सगळं सांगितलं आणि कागद कट्ट्यावर ठेवला.

‘मग जुने कुटं गेले?’ तिनं विचारलं.

मी दमले होते. ‘ब्लीच ओतलं, पिवळ्या पिशवीत भरलं. गाडी येते, ती घेऊन गेली. भट्टीत जाळतात.’

तव्यावरची भाकरी करपायला लागली. अव्वा हलेना, म्हणून मीच उलटली.

‘जाळलं?’

‘नियमच आहे तसा.’

‘आपल्यात जाळत्यात व्हय गं?’

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला बसवून, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवून माती देतात. हे मला काय माहीत नव्हतं? पण ब्लीचची बाटली उचलताना ते कुणाच्या डोक्यात येणार! माझं टाळकंच सरकलं. ‘अगं, पेशी होत्या त्या! अप्पा हे काय, समोर खुर्चीत बसलेत!’

‘हे तरी कुटं हायत?’ अव्वा म्हणाली. आवाज चढवला नाही. ‘तूच म्हनलीस की, आजाराच्या आदीचे करतात म्हणून. मी रोज तिकडच्यांशीच बोलत होते. हितं भाकरी थापायची, मनातल्या मनात त्यांना सांगायचं. हितल्यांना काय सांगू? हे मला पावणी समजतात.’

मला तिचा राग आला, मग स्वतःचा आला, मग रागवायचंही त्राण राहिलं नाही. तिथंच फरशीवर बसले. म्हटलं, अव्वा, नव्या पेशी बिघडल्या तर त्याही जाळाव्याच लागतील. माती देता येणार नाही. खोटं बोलून मोकळी झाले असते, पण मग ते खोटं आयुष्यभर सांभाळायचं कुणी?

तिनं उरलेलं पीठ संपवलं. तवा उतरवला, हात धुतले, पदराला पुसले. कागद ओढून घेतला आणि एकेक अक्षर जोडत सही केली.

‘घे रक्त,’ म्हणाली. ‘पर ह्या खेपेला ते गेले तर मला सांगू नकोस. मला एकदाच विधवा होऊ दे.’