पाखरांच्या बेटावरची चौकी

बेटावर उतरले आणि आधी जाणवली ती शांतता. मे महिन्यात तिथे कलकलाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सुरय नावाचे समुद्रपक्षी घरटं बांधत नाहीत, उघड्या कातळावरच अंडी घालतात. त्या दिवशी कातळावर नुसती टरफलं होती.

मी तेव्हा रत्नागिरीत वनखात्यात रेंजर होते. नाटे गावासमोरचं हे छोटं बेट पक्ष्यांसाठी राखीव. उतरायला बंदी. तरी वादळी वाऱ्यात गावातल्या इब्राहिमचाचांनी आपली मासेमारीची होडी बेटाच्या आडोशाला लावली होती, ती आमच्या गार्डने पाहिली. साहेबांना तेवढं पुरलं.

"अंडी त्यांनीच नेली. गुन्हा नोंदवा, होडी जप्त करा."

जप्त होडी केस संपेपर्यंत वाळूत कुजते. चाचांचं घर त्या एका होडीवर चालायचं. ते भडकले.

"सुरय बुडी मारतात तिथं तारली मासळी गावते, मॅडम. त्यांचीच अंडी खाऊन मी जाळं खंय टाकू? तुमच्या हापिसात?"

पटलं. पण पंचनाम्याला, म्हणजे जागेवर जे दिसलं त्याच्या लेखी नोंदीला, पुरावा लागतो. मी क्रमाने पाहत गेले. टरफलांच्या कडा कुरतडलेल्या. फटींत काळ्या लेंड्या. उंदीर! या बेटावर उंदीर कधीच नव्हते, आणि पोहून येण्याइतका किनारा जवळ नाही.

उरली आमची चौकी. पक्ष्यांच्या रक्षणासाठी आदल्याच हिवाळ्यात बांधलेली. कौलं फुटू नयेत म्हणून आमच्या गोदामातून भाताच्या पेंढ्यात गुंडाळून आली होती. तोच पेंढा गार्डने अंथरुणाखाली पसरला होता. मी तो उचलला. खाली उंदरांची पिल्लं, सुरयांच्या पिसांवर झोपलेली.

"उंदीर दिसत नव्हते?" मी गार्डला विचारलं.

"दिसायचे ना, मॅडम. चौकी म्हटली की उंदीर असायचेच."

साहेबांना फोन केला. "सर, आरोपीला शेपूट आहे."

"थट्टा नको. काय लिहिणार?"

"पेंढा आपल्या गोदामातला. तेच."

ते म्हणाले, "मच्छीमारांवरही एक ओळ टाका."

"टाकलीय. त्यांचा संबंध नाही, अशी."

होडी वाचली. चौकी पाडली. सापळे लावून उंदीर संपवले. पुढच्या मे महिन्यात सुरय आले, बेटावर घिरट्या घालून, अंडी गमावलेल्या कातळावर न उतरताच निघून गेले. त्यानंतर आलेच नाहीत. चाचा आता अंदाजानेच जाळं टाकतात.

बेटावर जाणारं प्रत्येक पोतं आधी धक्क्यावर उघडून झटकायचं, हा नियम मी बेटाच्या नियमांच्या यादीत पहिला लिहिला. तो अजून काटेकोर पाळतात. राखायला बेटावर काही उरलेलं नाही.