कुकरची शिट्टी

आमच्या रॉक ऐकणाऱ्यांच्या ग्रुपवर नवा अल्बम आला की पंधरा मिनिटांत मतं पडायला लागतात. अल्बम असतो तासाभराचा. "शेवटच्या गाण्याने सुन्न झालो," असं कुणीतरी लिहितं, तेव्हा माझं अजून दुसरंच गाणं चालू असतं. हा बाबा शेवटापर्यंत पोचला कसा? की दुसऱ्या कुणाचं मत वाचूनच सुन्न झाला?

मागच्या खेपेला मात्र देशमाने नावाच्या एका नव्या मेंबरने लिहिलं, "तिसऱ्या गाण्यात गिटार रंगात आली आणि आमचा कुकर बोंबलला. गॅस बंद करून पुन्हा पहिल्यापासून लावतो. मत उद्या."

त्यांच्यावर माझा लगेच विश्वास बसला. घरात ऐकणं असंच तर असतं. मधेच दाराची बेल वाजते, आतून कुणी हाक मारतं, आणि त्यातून जेवढं निसटून येईल तेवढं गाणं आपलं. म्हणूनच कुठेही न अडखळलेलं, इस्त्री केलेलं मत दिसलं की मला वाटतं, याने ऐकलेलंच नाही.

देशमान्यांच्या त्या कुकरला लाइकही भरपूर मिळाले.

काल नवा अल्बम आला. थोड्याच वेळात एकाची बेल वाजली, दुसऱ्याचं दूध उतू गेलं, तिसऱ्याला बायकोने हाक मारली. देशमान्यांचा कुकर तर पुन्हा नेमका तिसऱ्याच गाण्यात बोंबलला.

मी घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे चार वाजले होते. या वेळेला कुकर कोण लावतं?