विनूची चिरेखाण

फोन आला तेव्हा शाळेत मधली सुट्टी होती. नरेशचं कसालला हायवेलगत मेडिकलचं दुकान आहे, त्या वेळेला तो कधी फोन करत नाही. म्हणाला, “मास्तर, विनू गेलो.” खारेपाटणच्या बाजूला जमीन मोजायला गेला होता, छातीत कळ आली, बांधावर बसला आणि तिथेच… पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. आठवीपासूनचा माझा मित्र गेला होता. आणि हा लेख खरा लिहायचा असं ठरवलं आहे म्हणून सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात आलेला पहिला विचार होता, आता रविवारी खेळ कोण सांगणार? दुसरा विचार त्याच्या पाठोपाठ आला, निलाजऱ्यासारखा… आता कदाचित मला विचारतील. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. विनूबद्दल चांगलं लिहायला मला काहीच अडचण नाही. अडचण माझ्याबद्दल लिहिताना आहे.

तो खेळ आमच्याकडे मी आणला. पुण्यात हॉस्टेलला असताना एका सिनियरने शिकवला होता. त्यात पट नसतो, सोंगट्या नसतात. एक जण सांगणारा असतो. बाकीच्यांनी एकेक माणूस घ्यायचा, कागदावर त्याचं नाव, त्याचं बळ आणि जवळचं सामान लिहायचं. सांगणारा म्हणतो, तुमच्यासमोर एका भुयाराचं तोंड आहे. पुढे काय करायचं ते खेळणाऱ्यांनी सांगायचं, आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. सुरुवातीला ही माणसं पहिल्या पायरीची असतात, म्हणजे अगदी नवखी. अंगात तीन-चार प्राण, हातात एक मशाल, खांद्यावर दोरी, कमरेला गंजका कोयता. जगली वाचली तर पायरी चढतात. बहुतेक चढत नाहीत. पुण्याहून येताना मी त्या खेळाच्या नियमांची झेरॉक्स आणि आठ, बारा, वीस बाजूंच्या फाशांची एक पिशवी घेऊन आलो होतो. ती बरीच वर्षं कपाटात पडून होती. कोरोनाच्या बंदीत शाळा घरात आली, माझी मुक्ता दहा वर्षांची होती आणि दिवसभर मोबाइलला चिकटलेली असायची, तेव्हा ती पिशवी बाहेर काढली. बंदी सैल झाल्यावर विनूच्या पडवीत आम्ही जमायला लागलो. मी, मुक्ता, विनू, नरेश आणि ओरोसला सरकारी दवाखान्यात नर्स असलेली ज्योती. रविवारी दुपारी तीन ते सहा.

पहिले काही महिने सांगणारा मी होतो. मी मराठीचा शिक्षक, त्यामुळे तयारी जोरात करायचो. राजघराण्याच्या सात पिढ्या, शापाची हकिकत, राजपुत्राचा विरह, सगळं वहीत लिहून आणायचो आणि वाचून दाखवायचो. नरेश मान डोलावत पेंगायचा. मुक्ता पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसायची. प्रश्न विचारायचा तो एकटा विनू, आणि त्याचे प्रश्न मला उपद्रवी वाटायचे. छप्पर किती उंच? दार आत उघडतं की बाहेर? ह्यां पाणी खंयसून येता? मी काहीतरी ठोकून द्यायचो आणि परत राजपुत्राकडे वळायचो. मग एका रविवारी माझ्याकडे तपासायचे पेपर साठले होते. विनू म्हणाला, तू पेपर तपास, आज मी सांगून बघतंय.

तो मोजणी खात्यात भूकरमापक होता. आयुष्यभर लोकांच्या जमिनींचे नकाशे काढलेला माणूस. त्याने आलेखाच्या कागदावर एक बंद पडलेली चिरेखाण काढली होती. आपल्याकडे कुठल्याही माळावर असते तशी, जांभ्या दगडाचे चिरे कापून कापून खोल गेलेली, तळाला हिरवं पाणी. त्या पाण्याच्या वर, एका भिंतीत माणूस वाकून जाईल एवढं भोक. त्याने एवढंच सांगितलं. आतून गार वारा येतो आणि वाऱ्याला वटवाघळांचा वास आहे. मग खुर्ची मागे सारून विचारलं, “काय करतल्यात?” आणि गप्प बसला. मी पेपर तपासत कोपऱ्यात होतो. नरेश पुढे सरकून बसला. मुक्ता म्हणाली, मी आधी आत दगड टाकून आवाज ऐकते. त्या दिवशी माझा एकही पेपर तपासून झाला नाही.

त्या दुपारी मुक्ताचं पात्र मेलं. चिमी नाव ठेवलं होतं तिने. उतरताना एक पायरी सैल होती, चिमीने तपासली नाही, फाशावर दोन पडले. मुक्ताचा चेहरा रडवेला झाला. मला वाटलं, विनू आता काहीतरी वाट काढेल, वेल हाताशी येईल, कोणीतरी झेलेल. मी नक्की काढली असती. विनूने तिच्याकडे सरळ पाहिलं आणि मोठ्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, “गेली.” ती रडली. आणि मग डोळे पुसून तिने नवीन कागद मागितला. घरी आल्यावर चिमी कशी मेली हे तिने आईला तीनदा सांगितलं, प्रत्येक वेळी पायरी थोडी अजून खोल होत गेली. माझ्या सात पिढ्यांतला एकही राजा तिने घरी कधी आणला नव्हता.

तिथून पुढे सांगणारा विनूच. कोणी तसं ठरवलं नाही, म्हणून मला तक्रारही करता येईना. तो फासा कधी लपवून टाकत नसे, पडेल ते पडेल. पण माणसं नवखी आहेत, मारामारीत टिकणार नाहीत, हे ओळखून त्याने त्या खाणीत बोलायला जागा ठेवली होती. एकदा आतल्या वाटेवर एक देवचार, जागा राखणारं भूत, आडवा बसला होता. मी असतो तर लगेच लढाई लावली असती. ज्योतीने विचारलं, त्याचे पाय कसे दिसतायत? विनू म्हणाला, डावो सुजलोहा. हे त्याच्या कागदावर नव्हतं, त्याला ते तिच्या प्रश्नातून सुचलं. ज्योतीने देवचाराचा पाय धुऊन पट्टी बांधली आणि सगळे वाट मिळून पुढे गेले. दशावतारी नाटकात राजा आणि राक्षस उभ्या उभ्या बोलतात, त्यांना कोणी लिहून दिलेलं नसतं. विनूला तसं सुचायचं. मला लिहिल्याशिवाय सुचत नाही, आणि लिहिलेलं कोणी ऐकत नाही. मी टाळ्या वाजवायचो, आणि घरी जाताना मोटरसायकलवर गप्प असायचो. मागे बसलेली मुक्ता मालवणीत बडबडत असायची. आमच्या घरात मी शुद्ध बोलण्याचा आग्रह धरलेला, माझ्याशी ती पुस्तकातल्यासारखं बोलते. विनूकडून परतताना मात्र दोन किलोमीटरभर तिची भाषा त्याच्या पडवीतली असायची.

गेल्या वर्षी गणपतीनंतरची गोष्ट. खेळ रंगात आला होता, तेवढ्यात विनूला कुणा खातेदाराचा फोन आला. पडवीत रेंज नसते, म्हणून तो खळ्यात, घरापुढच्या अंगणात गेला. नरेश आणि ज्योती विनूच्या बायकोला, शुभावहिनींना, चहात मदत करायला आत गेले, मुक्ताही उठली. खाणीचे नकाशे असलेली त्याची वही खुर्चीवर होती. मी वाकून पाहिलं. पाच-सहा सेकंद, जास्त नाही. विहिरीच्या खोलीतली कोणती फरशी पोकळ आहे आणि कुठल्या चिऱ्यामागे काय आहे, एवढं पाहायला ते पुरे झालं. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मी माझ्या पात्राला त्या फरशीला वळसा घालायला लावला आणि उजव्या भिंतीचा चौथा चिरा ठोकून बघतो म्हणालो. विनूने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाला, “ठोकतंस? बरा,” आणि चिऱ्यामागची सोन्याची घंटा माझ्या हातात दिली. वर्षभर सगळे जी शोधत होते ती घंटा. मला वाटलं होतं, आता एकदा तरी मुक्ता माझ्याकडे तशी बघेल. तिने मान खाली घालून घंटा कागदावर लिहून घेतली.

त्यानंतर मी जाणं सोडलं. दहावीचे जादा तास आहेत असं सांगितलं. मुक्ता सायकलने जायला लागली. आमची शेवटची भेट शाळेच्या फाटकाशी झाली, तो जाण्याच्या सात आठवडे आधी. कसालमधून जाताना त्याने गाडी थांबवली. म्हणाला, “आयतवारी दिसणंस नाय.” मी म्हटलं, दहावीचे तास. “आयतवारी पण?” मी होय म्हटलं. ज्या मुलीचा बाप रविवारी शाळेत नसून घरी पेपर वाचत बसतो, ती मुलगी दर रविवारी त्याच्यासमोर तीन तास बसत होती. तो बरा म्हणाला आणि किक मारून गेला. मी त्याला हाक मारायला हवी होती. फाटक ओढून घेतलं आणि आत आलो.

बाराव्याला त्याचं खळं भरून गेलं होतं. ज्यांच्या बांधांचे तंटे त्याने मिटवले ते दोन्ही बाजूंचे लोक आले होते. कणकवलीहून चार कॉलेजची मुलं आली होती, ती शनिवारी त्याच्याकडे खेळायला येत हे मला माहीतही नव्हतं. मला त्या गर्दीचा हेवा वाटला. मी गेल्यावर कोण येईल, हे तिथे उभं राहून मी मोजत होतो. एवढं झाल्यावर शुभावहिनींनी मला आत बोलावलं. त्यांच्या हातात ती वही आणि एक जाड फाइल होती. मी हात पुढे केला. त्या म्हणाल्या, “मास्तरांनू, ह्यां मुक्ताचां. तिका दिया.” मी पोचवणारा होतो.

घरी जाण्याआधी वाटेत थांबून मी सगळं चाळलं. वहीत माझं नाव शोधत होतो, हे कबूल करतो. एखादी चिडलेली ओळ असती तरी चाललं असतं. काही नव्हतं. एकेका खोलीला तीन-चार शब्द, वास, पाणी, कोण आहे, त्याला काय हवं. फाइलमध्ये मेलेल्या पात्रांचे कागद होते. सगळे, पहिल्या चिमीपासून. प्रत्येकाखाली विनूच्या अक्षरात एक ओळ, कसा गेला ते. “पायरी बघितली नाही.” “मित्राला ओढताना.” “मशाल विझली तरी पुढे गेला.” नरेशची अकरा माणसं होती त्यात, ज्योतीची सात, मुक्ताची तर पंधरा. माझं एकही नव्हतं. माझं घंटावालं पात्र कधी मेलंच नाही. पेन्सिलने नीट टिपून ठेवलेल्या त्या मेलेल्यांचासुद्धा मला हेवा वाटला.

मुक्ता आता पंधरा पूर्ण करून सोळाव्यात आहे. वही तिच्या हातात देताना मी तिला सांगून टाकलं, त्या दिवशी मी नकाशा पाहिला होता. ती फाइलची नाडी बांधत होती. म्हणाली, “बाबा, सगळ्यांना तेव्हाच कळलं होतं.” कसं, विचारलं. तुम्ही याआधी कधी भिंत ठोकली नव्हती, म्हणाली. मग माझं जाणं बंद झाल्यावर नरेशने विनूला विचारलं होतं, मास्तराक काय बोललंस काय? विनूने सांगितलं, काही नाही, आणि कोणी विषय काढू नका. “काका म्हणाले, तेका जिंकाक होया होता. आमका खेळाक होया. येतलो परत.” घरात बापाशी बोलताना ती पहिल्यांदाच मालवणीत बोलली, तेही त्याचे शब्द होते म्हणून.

महिना उलटल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला, त्याच पडवीत, वहिनींनीच बोलावलं. मला कोणी सांगायला विचारलं नाही. सांगते मुक्ता. मी भिवा नावाचा नवखा हमाल घेतला, तीन प्राण आणि एक बांबू. पहिल्या दुपारी बांबूने जमीन चाचपत दोन खोल्या बिचकत पार केल्या. तिसऱ्या खोलीत पाण्याशी गिरो बसला होता, आपल्याकडचं बुडालेल्यांचं भूत. त्याने विचारलं, तू कोणाचो? मी माझ्या सवयीने एका राजघराण्याचं नाव सांगितलं, आणि गिऱ्याने भिवाला पाण्यात ओढलं. फाशावर एक पडला. मुक्ताने माझ्याकडे पाहिलं, डोळे न चुकवता, आणि सांगितलं तो गेला. तिने ते छान सांगितलं. मला तसं कधी जमलं नसतं. हेवा आत्ताही वाटला, तो जात नाही, तो जाईल याची वाट बघणं मी सोडलं आहे.

तिने माझा कागद घेतला, कडेला पंचिंगची भोकं पाडली, फाइलमध्ये सगळ्यांत वर लावला आणि खाली ओळ लिहिली, “आपलं नाव सांगितलं नाही.” फाइल पडवीतल्या खुंटीला टांगलेली असते. वहिनी सकाळी केर काढताना ती उतरवतात, पुसतात आणि परत लावतात.