फोटोतला केशरी ठिपका

अमिरातीतल्या फुजैराच्या आमच्या घरात, हॉलमध्ये एक फोटो आहे. इटलीतल्या एका जुन्या डोंगरी गावाचा. किल्ल्याच्या बुरुजावरून मीच काढलेला. खाली कौलारू छपरं, त्यांना वेढणारा तट, तटाला एक दरवाजा आणि त्यापलीकडे नुसतं धुकं. जमीन दिसतच नाही.

गेल्या महिन्यात मुलगी दुबईहून आली होती. तिच्या आईचं, माझ्या बायकोचं, वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. "बाबा, हा फोटो उतरवूया का? इथं आईचा मोठा लावू. ह्यात ती नाहीच."

"आहे," मी म्हणालो आणि दरवाज्याजवळच्या केशरी ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही तिची साडी."

"हो, गुडघे दुखत होते ना तिचे. म्हणून खाली थांबली."

चौदा वर्षं घरात हेच सांगितलं जात होतं. त्या दिवशी मात्र मला पुढे हो म्हणवेना.

माझा दगड-फरशीचा धंदा होता. संगमरवर बघायला आम्ही चार व्यापारी बायकांसह इटलीला गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा त्या गावी गेलो. गाडी वळणं घेत चढत होती आणि गाव धुक्यातून थोडं दिसायचं, पुन्हा विरघळायचं. ही खिडकीला गाल टेकवून बसली होती. "हे खरंच आहे ना हो?" तिनं हळूच विचारलं. खाली कुठल्यातरी देवळातली घंटा वाजत होती आणि तो आवाजही धुक्यातून भिजून आल्यासारखा वाटत होता.

दरवाज्याशी पोचलो. शेकडो वर्षांच्या पावलांनी पायरी मधोमध झिजली होती. हिनं चपला काढल्या, वाकून पायरीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. आमच्याकडे गड चढताना सगळेच करतात तसं. लहानपणी वडिलांबरोबर गडावर जायची, तेव्हापासूनची सवय.

बरोबरचा एक व्यापारी हसला. "भाभीजी, यहाँ कौन से भगवान हैं?"

सगळे हसले. मला लाज वाटली. मी तिच्यावर खेकसलो, "हा काय रायगड आहे? चारचौघांत शोभा करू नकोस."

 ती चपला हातात घेऊन कडेच्या दगडी बाकावर बसली. "तुम्ही या जाऊन. माझे गुडघे दुखतायत," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला वाचवायला.

मी वर गेलो. अरुंद बोळ, खिडक्यांतली लाल फुलं, उन्हात झोपलेली मांजरं. किल्ल्याच्या थंड दालनांतून मी झोपेत चालल्यासारखा फिरलो. बुरुजावरून खाली बघितलं तर तो ठिपका. तीन तासांनी उतरलो तेव्हा ती तिथंच होती. "छान होतं?" एवढंच तिनं विचारलं.

पुढे तिनं ते गुडघे सांभाळले. पाहुण्यांसमोर जिना चढताना कठड्याला हात लावायची. चिपळूणची तिची बहीण दरवर्षी औषधी तेलाची बाटली पाठवायची. संध्याकाळी ही ते तेल कोमट करून माझ्या दुखऱ्या गुडघ्यांना चोळायची. एकदाही टोमणा मारला नाही.

मुलगी सगळं ऐकत होती. बाहेर डोंगर निळसर होत चालले होते.

"म्हणजे गुडघे ठणठणीत होते?"

"तुझ्यापेक्षा."

ती हसली नाही. "तीन तास काय करत होती ती तिथं?"

"मला माहीत नाही. मी विचारलंच नाही."

ती उठून फोटोपाशी गेली. ठिपक्याकडे खूप वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता उतरवेल. तिनं तो तसाच राहू दिला.

"मावशीला सांगा," ती म्हणाली. "ती अजून म्हणते, ताई दुखणं काढत जगली. ते तेल बनवताना मावशी रडायची. तुम्हीच सांगा, मी नाही सांगणार."

तिनं फोन लावून माझ्या हातात दिला.

"बोला भाऊजी," पलीकडून आवाज आला. "कसे आहात? जेवलात का?"

मी फोटोसमोर उभा होतो. "तुमच्या ताईचे गुडघे कधीच दुखत नव्हते," मी म्हणालो आणि त्या झिजलेल्या पायरीपासून सांगायला लागलो.