सूपभर कोंड्याचा दाखला

डहाणूहून सकाळच्या पॅसेंजरने निघालो तेव्हा पिशवीत एक धोतर, चार भाकऱ्या आणि अमेरिकेहून आलेलं एक पत्र होतं. बायको जाऊन चार महिने झाले होते. सिल्वासा तिचं माहेर. तिकडे आता तिचं कोणी उरलेलं नाही, आणि मलाही हिंडायची हौस नव्हती. निघालो ते एका कागदासाठी. ज्यांची मुलं परदेशी शिकायला आहेत किंवा जाणार आहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून हे लिहितो. मी चौथी शिकलेला सुतार. रंधा मारून गुळगुळीत केलेलं लिहिणं मला जमत नाही.

आधी कागदाचं सांगतो. माझा मुलगा वसंत अमेरिकेत एका विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकतो. तिथे परदेशी मुलांसाठी एक वेगळी खोली आहे आणि त्या खोलीत एक बाई बसतात. तिथल्या सरकारने मुलाला किती दिवस राहायची परवानगी दिली, ती कधी संपते, कुठला फॉर्म कधी भरायचा, हे त्याला सांगायचं, हे त्यांचं काम. शिक्का बाई मारत नाहीत, शिक्का सरकारचा. पण फॉर्म सरकारकडे जाण्याआधी त्या ओळ न् ओळ वाचतात आणि चुकलेल्या जागी बोट ठेवतात. पैसे घेत नाहीत. मुलाने सांगितलेलं त्याच्या प्रोफेसरच्याही कानावर घालत नाहीत. हे सगळं मला वसंताच्या पत्रांतून कळलं.

वसंताने एक घोटाळा केला होता. पासपोर्टावर जन्म सिल्वासा, भारत. तिथल्या फॉर्मवर मात्र त्याने लिहिलं, जन्म सिल्वासा, पोर्तुगीज हद्द. दोन्ही खरं. तो जन्मला तेव्हा तिथे फिरंग्यांचं राज्य होतं, आता आपलं आहे. पण सरकारी माणसाला दोन खरी चालत नाहीत. त्याने जन्माची मूळ नोंद मागितली. ती उन्हाळ्याच्या आत पोहोचली नाही तर परवानगी संपणार, आणि शेवटचं वर्ष बाकी असताना पोराने गाशा गुंडाळायचा.

त्याच गडबडीत त्याची आई गेली. तार मिळाली तसा वसंत त्या बाईंकडे धावला. बाई म्हणाल्या, जायला तुला कोणी अडवणार नाही, पण कागद असे अर्धवट असताना बाहेर पडलास तर पुन्हा आत घेतील याची हमी मी देऊ शकत नाही; तू ठरव. त्याने ठरवलं. तो आला नाही. दिवस पुतण्याने केले. तेव्हापासून त्या बाईंचा विषय निघाला की माझं डोकं फिरायचं. टेबलामागे बसलेल्या एका बाईने माझ्या पोराला आईच्या तेराव्यालाही येऊ दिलं नाही, असं मी चार माणसांत बोलत होतो.

वापीला उतरलो आणि पहिली चूक केली. फिरंग्यांच्या मुलखात जाणारी मोटार कुठली, असं जुन्या सवयीने विचारलं. एकाने बोट दाखवलं, मी चढून बसलो. कंडक्टर तिकीट फाडायला आला तेव्हा कळलं, ती दमणची. दमणही फिरंग्यांचंच होतं, त्यामुळे सांगणाऱ्याची चूक म्हणता येत नाही. कंडक्टर म्हणाला, "काका, फिरंगी तो गया, तमे हजी त्यां ज?" (फिरंगी गेला, तुम्ही अजून तिथेच?) सगळी मोटार हसली. मी उतरलो.

दुसऱ्या मोटारीने दादऱ्यावरून पुढे गेलो. फाल्गुनाचे दिवस, सागाची पानं गळून रस्त्यावर आलेली, चाकाखाली पापडासारखी वाजत होती. मधे पूर्वी फिरंग्यांचा नाका होता. लग्नानंतर पहिल्यांदा हिला न्यायला आलो तेव्हा तिथल्या शिपायाने माझी लाकूड कोरायची पटाशी हत्यार म्हणून ठेवून घेतली होती. ही महिनाभर हसत होती, की नवरा बायको न्यायला आला तो पटाशी घेऊन. आता नाक्याच्या जागी चहाचं दुकान आहे. चहा गोडमिट्ट. प्यायलो.

सिल्वासा (तिथले लोक सेलवास म्हणतात) म्हणजे दोन रस्ते, एक चर्च, आंब्याची झाडं आणि कचेरी. पलीकडे दमणगंगा. कचेरीत परब नावाचा कारकून भेटला. सावंतवाडीकडचा, पंचविशीचा, राहायला टोकरखाड्याला सरकारी खोलीत. बोलायला गोड. पण जुनी पुस्तकं पोर्तुगीजमध्ये, आणि ती त्याला वाचता येत नव्हती. ती वाचायला फिरंग्यांच्या वेळचे एक म्हातारे, डिसोझा, अजून कामावर ठेवले होते.

डिसोझांनी वसंताच्या जन्माचं साल काढलं आणि माझ्या नावाने शोधलं. तीन महिने मागे, तीन महिने पुढे. भिकाजी सुताराचा मुलगा नव्हता.

"पुस्तकात नाही," ते म्हणाले.

"मग माझं पोर काय आभाळातून पडलं?"

"पडूं दे. पडलेल्याचीही नोंद लागते," डिसोझा चष्मा न काढता म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, नोंद द्यायला कोण आलं असेल. मी म्हटलं, सासरे, शिवराम. लाकडाच्या वखारीत मुकादम होते, सही मोडीत करायचे. डिसोझांनी लगेच पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळलं, आता नावं न वाचता. त्या सगळ्या पोर्तुगीज अक्षरांत मोडी सही म्हणजे गव्हात हरभरा. सापडली. मी ओळखली. मग वर लिहिलेलं डिसोझांनी वाचून दाखवलं.

मुलगा, नाव कोंडू. आई बुधी, राहणार खेरडी. बाप, बुधीचा नवरा. नोंद देणारा शिवराम.

तारीख वसंताच्या जन्मापासून आठव्या दिवसाची. आणि कोंडू म्हणून ही त्याला लहानपणी हाक मारायची. मला वाटायचं, लाडाने. आमची आधीची दोन मुलं महिन्याच्या आत गेली होती. अशा घरी पुढचं मूल दुसऱ्या बाईला सूपभर कोंड्याला विकतात, म्हणजे ते आपलं राहत नाही आणि जगतं. हा रिवाज मला ठाऊक होता. पण तो तोंडी असतो. सरकारी पुस्तकात कोणी लिहीत नाही.

परबाने मला पाणी दिलं आणि हळूच मार्ग सांगितला. जुनं पुस्तक मिटून ठेवायचं. शाळेचा दाखला आणि दोन साक्षीदार आणायचे, उशिराची म्हणून नवी नोंद करायची, आई अनसूया, बाप भिकाजी. आठ दिवसांत दाखला हातात. खरं सांगतो, मला तेच हवं होतं. हिचा एक फोटो नाही घरात. निदान त्या कागदावर तिचं नाव आलं असतं, शिक्क्यासकट.

संध्याकाळी परबाने मला आपल्या खोलीवर नेलं. उकड्या तांदळाचा भात आणि सुकट. जेवून झाल्यावर मी त्याला पत्र दिलं. बाईंनी वसंताला लिहिलेलं इंग्रजी वर, खाली वसंताने केलेलं मराठी. मी ते पूर्वी वाचलं होतं, पण रागात वाचलं होतं. परबाने आधी इंग्रजी वाचलं, मग मराठी मोठ्याने. बाईंनी लिहिलं होतं, पुस्तकात असेल त्याची नक्कल पाठवा, असायला हवं होतं त्याची नको. काहीच नसेल तर काही नाही असं लिहून आणा. पटत नसेल तर सोबत कारण द्या, ज्याला माहीत आहे त्याच्या तोंडून. आणि शेवटी, "विचित्र खरं मी अधिकाऱ्याला समजावून सांगू शकते. एकाच जन्माचे दोन कागद निघाले, तर मला काहीच सांगता येणार नाही."

परबाने पत्राची घडी घालून मला परत दिलं. मग म्हणाला, "काका, ही बाई आमच्या कचेरीत असती तर निम्मी कामं बंद पडली असती."

मी विचारलं, नवी नोंद केली आणि उद्या तिथल्या कोणी जुनी मागवली तर? तो म्हणाला, मागवणार नाहीत. मी म्हटलं, हमी देतोस? त्याने दिली नाही. बरा माणूस. मी ठरवलं, बुधीला शोधायचं.

दुसऱ्या दिवशी कचेरी अर्धा दिवस. दुपारी परब आणि मी लाकडाच्या ट्रकवर बसून खेरडीच्या वाटेला लागलो. ड्रायव्हरने आम्हाला ओंडक्यांवर बसवलं आणि वाटेवरच्या पळसाच्या काटक्यांनी माझं धोतर एके ठिकाणी फाटलं. पळस फुलला होता. परब त्याच्याकडे बघत होता, मी धोतराकडे.

बुधी जिवंत होती. वारली म्हातारी, अंगणात नागली (नाचणी) पाखडत बसलेली. मी सांगितलं, शिवराम मुकादमाचा जावई. तिने सूप खाली ठेवलं आणि हिची चौकशी केली नाही. मी एकटाच आलो हे बघून, की माझं तोंड बघून, कुणास ठाऊक, तिला ते कळलं असावं. एवढंच विचारलं, "पोर कसा हाय माझा?"

मी म्हटलं, अमेरिकेत आहे. तिला अमेरिका वापीच्या किती पुढे ते सांगता सांगता परब दमला.

मग तिने सांगितलं ते असं. ती सासऱ्यांकडे भात कांडायला येई. तिची सहाही मुलं जगलेली, म्हणून हिने तिलाच निवडलं. कांडणीचा म्हणून मिळालेला कोंडा बुधीने सुपात घालून दिला आणि पोर पदरात घेतलं. पण हिचं समाधान होईना. आधीचं दुसरं मूल तोंडी विकलं होतं, सटवीने ऐकलं नाही. सटवी लिहिते, ती लिहिलेलंच वाचणार. तेव्हा फिरंग्यांच्या पुस्तकात लिहून ठेवा, हे पोर माझं नाही. सासरे ओरडले. हिने दोन दिवस जेवण घेतलं नाही, बाळंतीण असून. आठव्या दिवशी सासरे गेले आणि मोडीत सही करून आले.

मला बावीस वर्षांत एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर सौदा मोडला असता, हे बुधीने मला समजावलं, जसं परब फॉर्म समजावतो तसं.

परबाने कागद काढला. लिहायचं होतं, सदर मुलगा माझा नाही. बुधीने मान हलवली. "तसा मी बोलायची नाय. मी हितं बोलले, नि तिकडं त्याला काय झाला तर?"

मी म्हटलं, नाही बोललीस तर त्याला तिथून काढतील, शिकलेलं वाया जाईल. ती म्हणाली, जाऊ दे वाया, जीव तर राहील. मी चिडलो. माझा आवाज चढला तसं तिने सूप उचलून पुन्हा नागली पाखडायला घेतली. परब मधे पडला. त्याने विचारलं, आजी, खोटं सांगू नको, जे झालं तेच सांग. तू त्याला जन्म दिलास का?

"जन्म तिने दिला. मी घेतला."

"एवढंच लिहितो," परब म्हणाला. आणि त्याने लिहिलं, मी बुधी, राहणार खेरडी, सदर मुलास सूपभर कोंडा देऊन घेतले. त्यास जन्म अनसूया भिकाजी हिने दिला. बुधीने दोनदा वाचून घेतलं. घेतले हे आधी आहे ना, विचारलं. मग सोमवारी ती चालत सिल्वाशाला आली आणि मामलेदारांसमोर अंगठा दिला. येताना नागलीच्या चार भाकऱ्या आणि मिरचीची चटणी आणली होती. दोन मला खायला लावल्या, दोन पोराला पाठव म्हणाली. त्या मी परतीच्या गाडीत खाल्ल्या. नागलीची भाकरी पोस्टाने कशी पाठवणार?

नक्कल आणि अंगठ्याचा कागद डहाणूहून रजिस्टरने पाठवला. रांगेत उभा असताना एक गोष्ट डोक्यात आली. त्या बाई वसंताला जा म्हणाल्या नव्हत्या, थांब म्हणाल्या नव्हत्या. जे खरं होतं ते सांगून गप्प बसल्या. मीही खेरडीला तेवढंच करायला हवं होतं, आवाज न चढवता.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. बाईंनी दोन्ही कागद वाचले आणि सोबत स्वतःचं एक पानभर पत्र जोडलं. आमच्याकडे असं का करतात, ते त्यांनी वसंताला बसवून अर्धा दिवस विचारलं होतं, म्हणून पत्रात एकही शब्द चुकला नव्हता. अधिकाऱ्याने वर्षभराची परवानगी दिली. खाली वसंताने लिहिलं होतं, बाई म्हणतात, आता मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने सिल्वाशाच्या पुस्तकातली नोंद दुरुस्त करून घेता येईल, आईचं नाव घालता येईल. घाई नाही, तुम्ही ठरवा.

मी दोन दिवस काही लिहिलं नाही. दोन्ही दिवस पलंगाचे पाय तासत बसलो. तिसऱ्या दिवशी कार्ड टाकलं. लिहिलं, बाईंना माझा नमस्कार सांग. पुस्तकाला हात लावू नये. मी सटवीला मानत नाही, पण तू अजून परमुलखात आहेस.