अनोळखी यंत्राजवळ उभं राहायचं

सुलभाला शेवटचं भेटले तेव्हा ती धंतोलीतल्या एका दवाखान्यात नाकाला नळी लावून पडली होती. हृदयाचं दुखणं, बोलायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. मी डब्यात मुगाची पातळ खिचडी नेली होती. कशी आहेस विचारायच्या आत तिनं खुणेनं जवळ बोलावलं आणि म्हणाली, "सकाळी लाईट गेली होती वं. मॉनिटर बंद नाही झाला, पण एसी चालू व्हायले लय वेळ लागला. जनरेटर कुठं ठेवला यायनं, पाहून ये ना जरा." मी म्हटलं, "तू पेशंट आहेस इथं, इन्स्पेक्टर नाही." झालं, तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याच आठवड्यात तिच्या भावाचा फोन आला. जनरेटरचं काय झालं ते विचारायला तिनंच लावायला सांगितला असणार, असं समजून मी जरा तुसडेपणानंच "काय?" म्हटलं. पलीकडे तो नुसता रडत होता...

आता महिना होत आला. लोक माझं सांत्वन करायला येतात आणि मी त्यांच्यासमोर तिच्याबद्दलच्या तक्रारी सांगत बसते. काय करणार, तीस-पस्तीस वर्षांची मैत्री आणि त्यातली निम्मी वर्षं मी तिच्यावर वैतागण्यात घालवली. ती पारशिवनीची, मी शहरातली. कॉलेजच्या वसतिगृहात आमच्या खोल्या शेजारी होत्या. मेसमध्ये भाजी खारट झाली की आम्ही बाकीच्या मुली कपाळाला आठ्या घालून दही मागायचो. ही बाई थेट स्वयंपाकघरात जायची आणि मीठ कोणी टाकलं, मग दुसऱ्यांदा कोणी टाकलं, याची चौकशी करायची. दोन्ही स्वयंपाकिणींनी टाकलेलं असायचं, एकमेकींना न सांगता. "दोघी चांगल्या सुगरणी आहेत वं, बोलत नाहीत एवढंच," असं सांगत ती परत यायची तोवर आमची जेवणं उरकलेली असत. पुढं सिस्टीम्स इंजिनिअरिंग म्हणून तिनं जन्मभर जे केलं ते थोडक्यात हेच होतं. प्रत्येक यंत्र आपापल्या जागी गुणाचं असतं, घोळ होतो तो दोन यंत्रांच्या मध्ये.

कोराडीच्या वीजकेंद्रातली नोकरी सोडून तिनं मला आणि दिनेशला, म्हणजे आमच्या कॉलेजातल्याच तिसऱ्या मित्राला, गोळा केलं आणि एक छोटी कंपनी काढली. मोठ्या इमारतींमध्ये वीज, बॅटऱ्या, जनरेटर, लिफ्ट, पंप हे सगळं एकमेकांशी जुळतं की नाही ते तपासायचं, हे आमचं काम. चाचणीच्या दिवशी तिचा एक हट्ट असायचा. ज्याला जे यंत्र कळतं, त्यानं त्याच्याजवळ उभं राहायचं नाही. मला बॅटऱ्या कळतात म्हणून मी पंपांपाशी, दिनेशला पंप कळतात म्हणून तो बॅटऱ्यांपाशी. ग्राहक आमच्याकडे वेड्यासारखे बघत. मी एकदा वैतागून कारण विचारलं तर म्हणाली, "ओळखीचा माणूस माफ करते. थोडा आवाज आला तर तू म्हणशील, हे असंच करते."

आणि मग कृत्रिम बुद्धिमत्ता आणली तीही तिनंच, हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते ऐकून लोकांना वाटतं की ती जुन्या वळणाची असेल. छे. आम्ही दोघं नाही नाही म्हणत असताना तिनं आम्हाला शाळकरी पोरांसारखं बसवून ते शिकवलं. एका दवाखान्याच्या नव्या इमारतीचं काम होतं. निरनिराळ्या कंपन्यांची कागदपत्रं कपाटभर. ती सगळी त्या एआयनं वाचली, कुठे काय जुळत नाही ते दाखवलं, वीज गेल्यावर कोणत्या यंत्रानं काय करायला हवं त्याचे नियम लिहिले आणि ते तपासायच्या चाचण्याही लिहिल्या. संगणकावर त्या सगळ्या पास झाल्या. दिनेश पेढे घेऊन आला. बाईंनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "मी सही करत नाही."

मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. इमारत तयार, उद्घाटनाची घाई, ग्राहक रोज फोन करून राहिलेला. "काहून पण?" दिनेश ओरडलाच.

"त्यानंच पेपर काढला, त्यानंच सोडवला, त्यानंच तपासला," ती म्हणाली. "पास होईल नाही तर काय होईल गा?"

तिची अट होती, चाचण्या माणसांनी लिहायच्या, तेही एआयचे नियम न वाचता, आणि खरोखर वीज घालवून पाहायचं. खाटांवर माणसं येण्याआधी. मी तिला हट्टी म्हटलं, दिनेशनं त्याहून वाईट काही म्हटलं. ती सही न करताच आजारी पडली आणि तशीच गेली. सही माझ्यावर आली.

खरं सांगते, मी तिच्या पद्धतीनं चाचणी घ्यायचं ठरवलं ते आदरापोटी नाही. ती चुकली होती हे मला एकदाचं सिद्ध करायचं होतं. आम्ही चाचण्या हातानं लिहिल्या, दोन माणसं बाहेरून बोलावली, इमारतीची वीज घालवली. दिवे लागले, पंप फिरले, ऑक्सिजनचा दाब हलला नाही. सगळं बरोबर. मला इतका आनंद झाला की फोनकडे हात गेला... कोणाला करणार? मग मी सही करायला पेन काढलं आणि दिनेशनं विचारलं, "लिफ्टजवळ कोण होतं वं?"

कोणीच नव्हतं. आम्हाला दोघांनाही लिफ्ट थोडीफार कळते, तिला अजिबात कळायची नाही, म्हणून इतकी वर्षं तिथं तीच उभी राहायची. आम्ही सवयीनं आपापल्या जागी गेलो होतो आणि तिची जागा तिच्यासाठी सोडली होती. कागदावर माणसं नेमताना दिनेशनं ते पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. मी मान खाली घालून पेन परत पर्समध्ये ठेवलं. सगळी चाचणी पुन्हा घ्यायची. मेल्यावरही या बाईनं माझा दिवस वाया घालवला.

दुसऱ्या वेळी लिफ्टसमोर मी उभी राहिले. दिनेशनं वीज घालवली. कुठंतरी वर लिफ्ट थांबली, थोडा वेळ काहीच हललं नाही, मग ती, यायला हवी तशी, हळूहळू खाली आली. दार उघडलं. आत दिवा लागलेला होता आणि कोणी नव्हतं. मी बाहेर येणाऱ्याला वाट द्यावी तशी बाजूला सरकले, आणि दार पुन्हा मिटेपर्यंत तशीच उभी राहिले.