वकीलबाई आणि छावणीतली गाय

आमच्या वकीलबाईंना माफीचा भारी तिटकारा. एखादं पोर चटकन पाया पडायला वाकलं की त्या पाय मागे घ्यायच्या. "घाईची माफी म्हणजे अंगावरचं झुरळ झटकणं. आधी काय झालं ते सांग," म्हणायच्या. बीडच्या कोर्टात अडकलेल्या पोरासोरांसाठी त्या भांडत. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावाशी त्यांची गाठ पडली ती दुष्काळात, एका मेलेल्या गायीमुळे.

तेव्हा आमची दूध सोसायटी चारा छावणी चालवायची आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे शिव्या खायचा हक्काचा माणूस. एके दिवशी चाऱ्याचा ट्रक आलाच नाही. दुपारी सरूकाकूंची गाय तडफडून मेली. नवरा गेल्यापासून काकूंचं घर त्या एका गायीवर चाललं होतं. छावणीतल्याच एका ऊसतोड्याच्या सोळा वर्षांच्या पोराला गायीपुढे हिरवं काहीतरी टाकताना लोकांनी पाहिलं होतं. आदल्याच दिवशी पाण्याच्या हौदावर काकूंनी त्याला आईबापावरून शिव्या दिल्या होत्या. आणि त्याचे स्वतःचे बैल मात्र धडधाकट उभे! मग काय, पोरानं विष घातलं हे ठरूनच गेलं.

पोराचं नाव लिहीत नाही. "पोराचं नाव हजेरीत शोभतं, बोभाट्यात नाही," ही बाईंची शिस्त मी अजून पाळतो.

संध्याकाळी जमादार आले तोवर लोकांनी पोराला खांबाला बांधायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. नुसतं नाव ऐकून मी फोन करून बोलावलेल्या वकीलबाई मागोमाग पोचल्या आणि त्यांनी सगळ्यांना सोसायटीच्या खोलीत घेतलं. "जमादारसाहेब, ऐकायला बसणार असाल तर टोपी काढून बसा. लिहायला बसणार असाल तर हे पोर एक शब्द बोलणार नाही." जमादारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वेगळीच धास्ती होती. पोरानं चारा घातल्याचं कबूल केलं आणि जमादारांनी शब्द फिरवला, तर पोराची रवानगी निरीक्षणगृहात ठरलेली. बाईंनाही ते माझ्याहून चांगलं माहीत होतं.

"पड काकूच्या पाया! माग माफी!" बापानं हात उगारला. बाईंनी तो हात धरला. "थांबा. ज्याचं गेलं, ते आधी बोलेल."

काकू पोराकडे वळल्या. "शिवी मी दिलती. राग माझ्यावर काढायचा व्हता. त्या मुक्या जिवाला कामून मारलं रं?"

 बाईंनी पोराला घाई केली नाही, आणि दुसऱ्या कुणाला बोलूही दिलं नाही. शेवटी तो म्हणाला, "लई हंबरत व्हती. आमच्या बैलांना उसाचे थोडे वाढे उरलते, तिला कायच न्हवतं. म्हून पल्याडच्या रानातून कोवळी ज्वारी कापून आणली."

"केवढी ज्वारी?" काकूंनी विचारलं.

त्यानं गुडघ्याखाली हात धरला. "सुकत आलती."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. पाण्याविना खुरटलेली ज्वारी जनावराला विषासारखी बाधते. त्याला आम्ही किराळ लागणं म्हणतो, आणि ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण हा चालायला लागल्यापासून साखर कारखान्याच्या फडात वाढलेला. बैलापुढे उसाचे हिरवे वाढे टाकायचे, एवढीच त्याची शेती. मला त्या क्षणी सगळ्या जगाचा संताप आला.

"मीच मारली," पोर म्हणालं आणि हमसून रडायला लागलं. बाई काकूंना माफ करा म्हणाल्या नाहीत. एवढंच विचारलं, "काकू, आता काय व्हायला पाहिजे?"

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "हिची कालवड हाय घरी. ती दुधाला येईस्तोवर ह्यानं सांभाळायची. माज्या डोळ्यांपुढं."

जमादारांनी टोपी चढवली आणि कुणाकडे न बघता निघून गेले. तक्रार नोंदवणं त्यांना भागच होतं, पण खोलीतला एक शब्दही त्यांनी तिच्यात लिहिला नाही. पुढे बाल न्याय मंडळानं समज देऊन पोराला घरी सोडलं. त्या साली दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी त्याच्याविना गेली. तो कालवडीसाठी गावात राहिला, म्हणून शाळेतही बसला.

काही वर्षांनी वकीलबाई वारल्याची खबर आली, तेव्हा मी काकूंना घेऊन बीडला गेलो. मला फार पोरकं वाटत होतं. सोबत तोही होता, चांगला मिशा फुटलेला. काकूंना दंडाला धरून चालवत होता. गर्दीतल्या एका बाईनं काकूंना विचारलं, "मुलगा का तुमचा?"

काकू म्हणाल्या, "हाय की."